पेस्ट केलं की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतंय: शोध आणि इलाज

कोथरूडचे एक काका आमच्या गिर्यारोहक मंडळाच्या साइटवर दर पावसाळ्यात लेख पाठवतात. यंदा त्यांनी राजगडावर लिहिलं. लेख साइटवर चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन आला. “अगं, संजीवनी माचीवरून दिसणाऱ्या दऱ्या असं मी लिहिलं होतं. तुमच्याकडे दर्या छापलंय. राजगडावरून समुद्र दिसतो असं वाटेल ना लोकांना!”

मी लेख उघडला. खरंच दर्या. खाली ‘गावकर्यांनी’, ‘वार्यामुळे’, ‘चढणार्यांना’. वाचवेना. पण चार परिच्छेद सोडून ‘पाली दरवाजाच्या पायऱ्या’ मात्र अगदी बरोबर उमटल्या होत्या. एकाच लेखात, एकाच माणसाच्या हातचा एकच अर्धा र, एके ठिकाणी शाबूत आणि दुसरीकडे त्याचा रफार झालेला.

साइट मी सांभाळते. पेस्टवरून आलेली ही तिसरी तक्रार. आधीच्या दोन मी मिटवल्या होत्या, आणि तिसरीचं मूळ माझ्याच पहिल्या दुरुस्तीत सापडलं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मराठी मजकूर घेणारा फॉर्म ज्यांच्याकडे आहे त्यांना यातलं काही ना काही भेटणारच.

कुठे मोडतंय ते आधी पकडा

मी काकांना वर्डमधली मूळ फाइल मागितली. तीत सगळे अर्धे र बरोबर होते. मग फॉर्ममध्ये ‘दऱ्या’ हा शब्द थेट टाइप केला. तोही बरोबर. मूळ फाइलमधून कॉपी करून पेस्ट केला, की मोडला. म्हणजे दोष सर्व्हरवर नाही, डेटाबेसमध्ये नाही, फॉन्टमध्येही नाही. तो पेस्टच्या वाटेवर आहे.

अशा वेळी अंदाज बांधत बसू नका. पेस्ट इव्हेंटला (पेस्ट होत असल्याची ब्राउझरने दिलेली वर्दी) एक साधा लिसनर, म्हणजे ती वर्दी आली की चालणारं फंक्शन, लावा आणि इव्हेंटच्या क्लिपबोर्डडेटामध्ये, म्हणजे कॉपी केलेल्या ऐवजात, काय काय आलंय ते कन्सोलमध्ये छापून पाहा. आधी ‘टाइप्स’ची यादी, मग गेटडेटाने मिळणारा टेक्स्ट/प्लेन म्हणजे साधा मजकूर, आणि त्या मजकुरातल्या प्रत्येक चिन्हाचा कोडपॉइंट, म्हणजे यूनिकोडने त्याला दिलेला क्रमांक. शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण नुसता मजकूर छापला तर डोळ्यांना काहीच कळत नाही.

माझ्या पडद्यावर आलं ते असं. बरोबर उमटलेल्या ‘पायऱ्या’मध्ये नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ होता, म्हणजे यू+०९३१, त्यापुढे हलन्त, त्यापुढे य. बिघडलेल्या ‘दर्‍या’मध्ये साधा र, हलन्त, मग यू+२००डी, मग य. यातलं तिसरं चिन्ह म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. त्याला रुंदी नाही, ते दिसत नाही, पण ‘इथे रफार करू नकोस, आडवा अर्धा र काढ’ हे ब्राउझरला तेच सांगतं.

यूनिकोडमध्ये हा अर्धा र लिहायच्या या दोन्ही रीती मान्य आहेत. जॉइनरची रीत यूनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीपासूनची आहे आणि जुन्या मजकुराशी जुळावं म्हणून ती पुढेही ठेवली गेली. कुठला कीबोर्ड कुठली रीत वापरेल हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही नाही. काकांनी अर्धा लेख फोनवर लिहिला होता आणि अर्धा संगणकावर. म्हणून एकाच लेखात दोन्ही.

आकड्यांत पाहायचं तर ‘दऱ्या’ नुक्त्याच्या रीतीने पाच कोडपॉइंटांचा शब्द आहे आणि जॉइनरच्या रीतीने सहा. त्या सहातून न दिसणारा एक काढून टाकला की पाच उरतात, पण ते ‘दर्या’चे पाच असतात.

तो एक कोण काढत होतं?

मीच. दोन वर्षांपूर्वी मोहिमेच्या नावनोंदणीत लोकांची तक्रार होती की मोबाइल नंबर बरोबर असूनही फॉर्म ‘चुकीचा नंबर’ म्हणतो. टाइप केला तर चालतो, संपर्कयादीतून कॉपी करून पेस्ट केला तर नाही. तिथेही कोडपॉइंट छापल्यावर उलगडा झाला होता. आकड्यांच्या आधी यू+२०२ए आणि शेवटी यू+२०२सी अशी दिशादर्शक अदृश्य चिन्हं चिकटून येत होती. ट्रिम केलं तरी ती जात नाहीत. जावास्क्रिप्टचं ट्रिम साधी मोकळी जागा, न तुटणारी जागा म्हणजे यू+००ए०, टॅब, ओळ बदलणारी चिन्हं आणि यू+एफईएफएफ अशी जागा सोडणारी चिन्हं काढतं. यू+२००बी, यू+२००ई यांसारखी अदृश्य चिन्हं आणि ही दिशाचिन्हं तशीच राहतात.

मी तेव्हा एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणारा नियम, लावलं: यूनिकोडच्या ‘सीएफ’ वर्गातलं म्हणजे अदृश्य मांडणीचिन्हांमधलं जे जे असेल ते उडवा. नंबराचा प्रश्न सुटला. मग तीच सफाई पानावरच्या सगळ्या रकान्यांना लागू करून टाकली, कारण स्वच्छ मजकूर कोणाला नको? पण जॉइनरही त्याच ‘सीएफ’ वर्गात आहे. इंग्रजी मजकुरासाठी तो कचरा वाटू शकतो, मराठीत तो अक्षराचा भाग आहे. ‘आचाऱ्यांनी’ आणि ‘आचार्यांनी’ यांत स्वयंपाकघर आणि विद्यापीठ इतकं अंतर आहे.

आता माझी सफाई रकान्याप्रमाणे वेगळी आहे. नंबराच्या रकान्यात अंक सोडून बाकी सगळं उडवते, पण त्याआधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलते. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘बॅकस्लॅश डी’ जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतो आणि ‘नंबर’ या फंक्शनला ‘१२३’ दिलं तर एनएएन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर, मिळतं. ज्येष्ठ मंडळी नंबर देवनागरीत लिहितात, आणि मराठी फॉर्मने तो घ्यायलाच हवा.

मजकुराच्या रकान्यात मात्र नावानिशी यादी करून तेवढंच काढते: यू+२००बी, यू+एफईएफएफ, यू+२००ई, यू+२००एफ, यू+२०२ए ते यू+२०२ई, आणि यू+२०६६ ते यू+२०६९. यू+२००सी (नॉन-जॉइनर) आणि यू+२००डी (जॉइनर) यांना हात लावत नाही. न तुटणाऱ्या जागेची साधी जागा करते. त्यानंतर दोन गोष्टी शोधाच्या सोयीसाठी: मजकूर एनएफसी रूपात (एकच अक्षर वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं असेल तर त्याचं यूनिकोडने ठरवलेलं एक रूप) आणते, आणि ‘र, हलन्त, जॉइनर’ ही तिकडी दिसली तर तिच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवते. नुसत्या एनएफसीवर हे भागत नाही. र आणि वेगळा नुक्ता असेल तर एनएफसी त्यांचा ऱ करतं, पण जॉइनरची रीत आणि नुक्त्याची रीत यांना ते एक मानत नाही. तिकडी बदलली नाही तर ‘दुसऱ्या’ शोधणाऱ्याला जॉइनरवाले लेख सापडतच नाहीत, आणि पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. ‘ॲ’चंही तसंच. त्याला २००८ सालच्या यूनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र जागा मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात अ आणि चंद्र वेगवेगळे लिहिलेले असतात, कधी मध्ये जॉइनर घालून. एनएफसी त्यांनाही जुळवत नाही. तो बदलही मी हाताने लिहिला आहे.

जॉइनर ठेवायचं आणखी एक कारण इमोजी. कडा चढणाऱ्या बाईचं चिन्ह म्हणजे चढणारी व्यक्ती, जॉइनर आणि स्त्रीचिन्ह. जॉइनर गेला की एका चिन्हाची दोन होतात.

पेस्ट पकडताना होणाऱ्या चुका

दुसरी तक्रार होती ती मजकूर दोनदा येण्याची. त्याची कारणं दोन निघाली आणि दोन्ही नेहमीची आहेत.

एक: फॉर्म पुन्हा रेंडर झाला, म्हणजे पानावर नव्याने काढला गेला, की लिसनर पुन्हा लागत होता. काढताना मी नवीन अनामिक फंक्शन देत होते, त्यामुळे जुना लिसनर निघतच नव्हता. लावताना आणि काढताना फंक्शनचा संदर्भ एकच हवा.

दुसरं कारण जास्त फसवं. सफाईची लायब्ररी जड म्हणून ती पहिल्या पेस्टला मागवायची असं मी ठरवलं होतं. लिसनरच्या सुरुवातीलाच अवेट (फाइल येईपर्यंत थांबणं), मग प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची स्वतःची पेस्ट रोखणं), मग गेटडेटा. फाइल नेटवरून येईपर्यंत इव्हेंट संपून गेलेला असतो. ब्राउझरने आपली पेस्ट करून टाकलेली असते, आता प्रिव्हेंटडिफॉल्टला काही अर्थ नाही आणि गेटडेटा रिकामी ओळ देतं. क्लिपबोर्डची ही खिडकी फक्त इव्हेंट चालू असेपर्यंतच उघडी असते. माझ्या कोडमध्ये गेटडेटा रिकामं आलं तर रकान्याची जुनी प्रत वापरायची अशी ‘काळजी’ घेतलेली होती, आणि तोपर्यंत त्या प्रतीत पेस्ट झालेला मजकूर आलेला असायचा. म्हणून दोनदा. तेव्हा प्रिव्हेंटडिफॉल्ट, सगळे गेटडेटा आणि निवडलेल्या भागाची जागा, हे सारं पहिल्या अवेटच्या आधी उरकून घ्या. पुढचं काम कितीही वेळ घेऊ द्या.

काही जण पेस्ट इव्हेंट सोडून कंट्रोल-व्ही ची कळ ऐकतात. त्यात उजव्या क्लिकचा मेनू सुटतो, मॅकची कमांड कळ सुटते, फोनवर बोट दाबून धरून केलेली पेस्ट सुटते. तसं करू नका. नॅव्हिगेटरमधला क्लिपबोर्डचा रीडटेक्स्ट हा मार्गही इथे उपयोगाचा नाही. तो ‘पेस्ट करा’ असं बटण तुम्ही स्वतः देणार असाल तेव्हासाठी. त्याला एचटीटीपीएस लागतं आणि ब्राउझर वापरणाऱ्याची परवानगी विचारतो. पेस्ट इव्हेंटला यातलं काहीच लागत नाही, कारण माणसाने पेस्ट स्वतःहून केलेली असते.

मजकूर साफ केल्यावर तो रकान्यात घालायचा कसा, यावरही बरंच अवलंबून आहे. रकान्याची व्हॅल्यू सरळ बदलली की कर्सर शेवटी उडी मारतो आणि कंट्रोल-झेड मोडतं. लांब लेखात मध्ये एक ओळ पेस्ट करणाऱ्याला हे फार जाचतं. मी अजून एक्झेककमांड या ब्राउझरच्या जुन्या संपादन-फंक्शनचं ‘इन्सर्टटेक्स्ट’ वापरते. ते कालबाह्य ठरवलंय हे खरं, पण ब्राउझरांत ते चालतं, अनडू शाबूत ठेवतं आणि इनपुट इव्हेंटही पाठवतं, त्यामुळे रिअॅक्टच्या स्टेटलाही (त्या लायब्ररीने जपलेल्या मजकुराच्या प्रतीलाही) बदल कळतो. ते ‘फॉल्स’ परतवेल तर सेटरेंजटेक्स्ट वापरून इनपुट इव्हेंट हाताने पाठवते, मग अनडूवर पाणी सोडावं लागतं.

फोनवर पेस्ट इव्हेंट येईलच असं नाही

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. काही मोबाइल कीबोर्ड वरच्या पट्टीत नुकताच कॉपी केलेला मजकूर सुचवतात. त्यावर टिचकी मारली की कीबोर्ड तो मजकूर टाइप केल्यासारखा आत सोडतो. पेस्ट इव्हेंट उमटतच नाही, फक्त इनपुट येतो. आपोआप भरलेला ओटीपी किंवा माउसने ओढून टाकलेला मजकूर यांचंही तेच. त्यामुळे पेस्ट लिसनर ही सोय समजा, पहारेकरी नव्हे. खरी सफाई फॉर्म पाठवताना आणि पुन्हा सर्व्हरवर, त्याच नियमांनी. मी ते नियम एका फाइलमध्ये ठेवले आहेत आणि दोन्हीकडे तीच फाइल वापरते.

ओटीपीसाठी सहा वेगळे चौकोन आणि प्रत्येकाला मॅक्सलेंग्थ (कमाल लांबी) एक, अशी रचना असेल तर पेस्ट केल्यावर पहिलाच अंक राहतो आणि बाकीचे गळतात. एकच रकाना ठेवा. लेखाच्या शीर्षकालाही मी मॅक्सलेंग्थ काढून टाकलं. पेस्ट केलेला मजकूर ते काही न सांगता कापतं, आणि त्याचं माप यूटीएफ-१६ च्या एककांत असतं, म्हणजे मराठीत काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरांचा शब्द आहे, मॅक्सलेंग्थला तो दहाचा. आता मर्यादा ओलांडली तर रकान्याखाली तसं लिहून येतं, मजकूर मात्र कापला जात नाही.

वर्ड, डॉक्स, एक्सेल आणि जुने फॉन्ट

ठळक-तिरपं राखायचं असेल तर टेक्स्ट/एचटीएमएल, म्हणजे मांडणीसकट आलेला मजकूर, वाचावं लागतं आणि काम वाढतं. साध्या मजकुरावर भागत असेल तर तेवढंच घ्या. काँटेंटएडिटेबलला (पानावरच्या एखाद्या भागात थेट लिहू देणारा गुणधर्म) ‘प्लेनटेक्स्ट-ओन्ली’ ही किंमत दिली की ब्राउझरच ते करतो.

एचटीएमएल घेत असाल तर ते आधी ब्राउझरच्या डीओएमपार्सरने वेगळ्या दस्तऐवजात उघडा आणि डीओएमप्युरिफायसारख्या, धोकादायक कोड गाळणाऱ्या लायब्ररीतून काढा. एखाद्या डिव्हच्या इनरएचटीएमएलमध्ये टाकून तपासू नका. तो डिव्ह पानाला जोडलेला नसला तरी आतल्या चित्राचा ऑनएरर (चित्र आलं नाही तर चालायचा कोड) चालू शकतो. गूगल डॉक्समधून आलेला मजकूर एका बी टॅगमध्ये गुंडाळलेला असतो आणि त्यावर ‘फॉन्ट-वेट: नॉर्मल’ अशी स्टाइल असते. तुम्ही स्टाइल उडवल्या आणि बी ठेवला, की सबंध लेख ठळक. ‘डॉक्स-इंटर्नल-गुइड’ ने सुरू होणारा आयडी पाहून तो टॅग आधी सोडवा. एक्सेलमधून कॉपी केलं की मजकूर आणि तक्त्यासोबत त्या तक्त्याचं चित्रही येतं. ‘फाइल आहे का’ हे आधी तपासलंत तर मोहिमेच्या खर्चाचा तक्ता चित्र म्हणून अपलोड होतो. आधी मजकूर आहे का पाहा, नसेल तरच फाइल.

आणि आता पुण्यात हमखास भेटणारा प्रकार. इथल्या पेठांमध्ये डीटीपी करणाऱ्यांकडे, दिवाळी अंकांच्या जुन्या फायलींमध्ये, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरमधला मजकूर अजून खूप आहे. श्रीलिपी पुण्यातच घडली, आणि यूनिकोड रुळण्याआधी मराठी छपाईचं केवढं तरी काम तिने पेललं. पण त्या फॉन्टांत मराठी अक्षराच्या जागी साठवलेला असतो रोमन लिपीच्या तक्त्यातला एखादा कोड. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, पेस्ट केलं की अनोळखी चिन्हांची रांग. नुसत्या टेक्स्ट/प्लेनवरून हे ओळखणं अवघड, कारण तो ‘वैध’ मजकूरच असतो. टेक्स्ट/एचटीएमएलमध्ये मात्र वर्ड फॉन्टचं नाव पाठवतो. मी फॉन्ट-फॅमिलीत श्री-देव, कृती देव, डीव्हीबी-टीटी अशी नावं शोधते. सापडलं तर पेस्ट थांबवून सांगते की हा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, आधी यूनिकोडमध्ये बदलून घ्या. आपोआप बदलायच्या फंदात पडत नाही. एकाच फॉन्टकुटुंबाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत तक्ते वेगळे असू शकतात, आणि अर्धवट बदललेला मजकूर मूळ मजकुरापेक्षा वाईट.

एवढ्या भानगडी म्हणून पेस्टच बंद करून टाकायची असा सल्ला एकाने दिला. बऱ्याच फॉर्मवर खाते क्रमांक किंवा पासवर्ड पेस्ट करू देत नाहीत, तो मार्ग. मला तो अजिबात मान्य नाही. पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्याची त्यात अडवणूक होते, हात थरथरणाऱ्या माणसाला सोळा आकडे दोनदा टाइप करावे लागतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत पासवर्ड पेस्ट करू द्यावा असंच म्हटलं आहे.

जे गेलं ते परत आणताना

नवी सफाई लावल्यावर नवे लेख बरोबर येऊ लागले. जुन्यांचं काय? उडालेला जॉइनर कोडने परत आणता येत नाही. ‘पायर्या’ आणि ‘गावकर्यांनी’ हे शब्द मराठीत नाहीत, त्यामुळे ते यादी करून बदलता आले. पण ‘आचार्यांनी’, ‘दर्या’ हे खरे शब्द आहेत, तिथे माणसानेच वाचायला हवं. आता मी पेस्टच्या वेळचा मूळ मजकूर, कुठलीही सफाई न करता, वेगळ्या रकान्यात साठवते. तेव्हाच साठवला असता तर हे काम उरलंच नसतं.

दोन रविवार काका आणि मी त्यांच्या घरी बसलो. ते मोठ्याने वाचायचे, मी दुरुस्त करायचे. गुंजवण्यात पिठलं-भाकरी रांधणाऱ्या आचार्यांचे आचारी झाले. दऱ्या जागच्या जागी परत आल्या. एका लेखात ‘समोर पसरलेला दर्या’ असं होतं. काका पेन उचलून थांबले, मग म्हणाले, विचारून घे. मी लेखिकेला फोन केला. श्रीवर्धनचा किनारा होता तो. तेवढा दर्या तसाच ठेवला.